कोरियन भुताची एसओपी

ही कार्यपद्धती भोसरी, मोशी, कुरुळी, नाणेकरवाडी, खराबवाडी, म्हाळुंगे इथल्या भाड्याच्या खोल्यांना आणि वाकड-रावेतच्या टूबीएचकेंना सारखीच लागू आहे. ना होंग-जिन या कोरियन दिग्दर्शकाचा ‘द वेलिंग’ (2016) बघण्यापूर्वी सर्वांनी ती वाचावी. ‘मला काही होत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी दोनदा वाचावी.

चित्रपट 156 मिनिटांचा आहे, तेव्हा कंपनीच्या बसचं गणित आधी करा. थर्ड शिफ्टचा माणूस जेवण उरकून मोबाइल भिंतीला टेकवतो, आणि बस चौकात येते तेव्हा पडद्यावर शमनाचा, म्हणजे तिकडच्या देवरुष्याचा, विधी ऐन रंगात आलेला असतो: ढोल, घाम, शमन होऊन नाचणारा ह्वांग जंग-मिन. तिथं उठून जायचं म्हणजे विधी अर्धवट सोडणं आलं, आणि अर्धवट सोडलेल्या विधीचं पुढं काय होतं हे याच चित्रपटात दाखवलंय. सुट्टीचा वार बघूनच सुरुवात करा.

डोळे मिटण्याची सवय असलेल्यांसाठी खास सूचना. हिंदी भूतपटात डोळे मिटले तरी कानांनी गोष्ट कळते. इथं बोलणं कोरियन, अक्षरं इंग्रजी. डोळे मिटले की कथानक हातचं गेलं. बोटांच्या फटीतून बघायचं झालं तर फट सबटायटलच्या उंचीवर धरावी.

आता मुख्य धोका. तो भूत दिसण्यात नाही. गोकसंग नावाच्या डोंगराळ गावात माणसं आपल्याच घरच्यांना मारू लागतात, अंगावर पुरळ उठतं, आणि संशय डोंगरात एकट्या राहणाऱ्या एका जपान्यावर जातो. जोंग-गू हा सुटलेल्या पोटाचा, मुळात भित्रा पोलीस तपास करतो. मग त्याच्याच लेकीला, ह्यो-जिनला, तीच लक्षणं दिसतात. आजी शमनाला बोलावते. पांढऱ्या कपड्यांतली एक बाई दगड भिरकावत फिरते. यातलं सगळं सहन होतं. सहन होत नाही ते शेवट आल्यावर. खोलीत पहिल्यांदा गप्पगार, आणि मग कुणीतरी विचारतो, ‘म्हणजे भूत नेमकं कोण?’

हा प्रश्न कोथरूडपेक्षा चाकणला जास्त छळतो. इथला कारखान्यातला माणूस मूळ कारण शोधण्याचाच पगार घेतो. गाडीच्या दारावर ओरखडा दिसला की टोयोटाच्या ताइची ओनोंनी रुळवलेला व्हाय-व्हाय करायचा, इशिकावांचा फिश-बोन काढायचा, मॅन, मशीन, मटेरियल, मेथड यांपैकी एका हाडात दोष बसवायचा, काउंटरमेजर लिहायचं, सह्या घ्यायच्या, शीट बंद. त्यामुळे रात्री दोन वाजता मेसच्या वहीच्या मागच्या पानावर फिश-बोन निघणार हे गृहीत धरा. काढू द्या. मॅन: जपानी. मेथड: शमनाचा विधी. मटेरियल: टॉनिकमधले विषारी अळंबे, कारण चित्रपटातलं सरकारी कारण तेच आहे. मशीन: कॅमेरा. चारही हाडांना मास लागतं आणि तिथंच घात होतो. दिग्दर्शकानं प्रत्येक हाडाच्या बाजूनं पुरावा ठेवलाय आणि विरोधातही. चित्रपटाचं पहिलंच दृश्य गळाला आमिष लावण्याचं आहे. त्या फिश-बोनमधला मासा कोण, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात येत नाही.

व्हाय-व्हाय करणाऱ्यांची अवस्था याहून वाईट. पाचव्या ‘का’ला ते पांढऱ्या कपड्यांतल्या बाईपाशी पोचतात. ती सांगते, मुलीच्या बापानं संशय घेतला, पाप केलं, म्हणून हे झालं. जोंग-गू म्हणतो, पण मुलगी तर आधी आजारी पडली! क्वालिटीतल्या कुठल्याही पोराला विचारा: कारणाची तारीख परिणामाच्या नंतरची असेल तर रिपोर्ट परत येतो. इथं तो परत घ्यायला कुणी नाही.

जपान्याबद्दल थोडं सविस्तर, कारण या पट्ट्यातल्या प्रेक्षकाची गफलत इथं ठरलेली. कोरियावर 1910 ते 1945 जपानचं राज्य होतं. तिकडच्या प्रेक्षकाला डोंगरातला एकटा जपानी दिसला की पोटात जुनं काहीतरी ढवळतं. आपल्याकडे जपानी म्हणजे ऑडिट. तो कमी बोलतो, कुठं काय ठेवलंय ते बघतो, आणि फोटो काढतो. चित्रपटातल्या जपान्याकडेही फोटो सापडतात: तीच माणसं जिवंत असताना आणि मेल्यावर. कोरियात या प्रसंगाला किंकाळी उठली असेल. आपल्या खोलीतून ‘बिफोर-आफ्टर व्यवस्थित ठेवलंय की’ अशी दाद आली तर दचकू नका, ती कायझेनची सवय आहे. अर्थात जून कुनिमुरांनी ही भूमिका अशी केलीय की माणूस बिचारा आहे की भयंकर, हे शेवटच्या गुहेपर्यंत ठरत नाही. कोरियाचा ब्लू ड्रॅगन पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला.

गावाकडून आई आली असेल तर तिला बसू द्या. तिची प्रतिक्रिया सर्वांत कामाची. तिला फिश-बोन लागत नाही. आपल्या भुतांना स्पेसिफिकेशन असतं. मुंजा पिंपळावर राहतो, हडळीचे पाय उलटे असतात, चकवा लागला तर आहे तिथं गुपचूप बसून राहायचं. (तळेगाव-चाकण रस्त्याच्या कोंडीत तसंही दुसरं काही करता येत नाही.) नारायण धारपांच्या कथांत प्रकरण हाताबाहेर जाऊ लागलं की समर्थ येतात. ‘झपाटलेला’तल्या तात्या विंचूला गोळी कुठं लागली म्हणजे तो मरतो, हे 1993 पासून पोराटोरांना पाठ आहे. ‘तुंबाड’चा हस्तरसुद्धा कणकेच्या बाहुलीचा नियम पाळतो. भीती वाटते, पण मॅन्युअल हातात असतं. कोरियन भूत मॅन्युअल देतं, दोघांकडून दोन वेगवेगळी, आणि दोन्हींवर सही-शिक्का असतो. शमन एक सांगतो, बाई म्हणते कोंबडा तीनदा आरवेपर्यंत घरात जाऊ नकोस, आणि बाप मधे उभा. आई मात्र तिथल्या तिथं निकाल देते: ‘देवरुषी आधी पैशाचं बोलला, तिथंच कळायला हवं होतं.’ परदेशी समीक्षकांना इतक्या थोड्या शब्दांत हे जमलेलं माझ्या वाचनात नाही.

आईच्या मताला इथं कायद्याचाही आधार आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारहाण करणं, चटके देणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. तेव्हा चित्रपट बघून कुणी ‘आमच्या तिकडं एक जण आहे, खात्रीचा’ असं सुरू केलं, तर त्याचा नंबर घेऊ नका. तक्रार पोलीस ठाण्यात करायची असते. गोकसंगमध्ये ती सोय नव्हती, कारण शमनाला पैसे मोजणारा स्वतःच पोलीस होता.

दुसऱ्या दिवशी कामावर. झोप न झालेल्यांनी प्रेसवर उभं राहू नये, सुपरवायझरला खरं कारण सांगू नये, पोट बिघडलं म्हणावं. कॅन्टीनमध्ये ‘बाई देव होती की भूत’ यावर दोन गट पडतील. वाद टी-ब्रेकपुरता ठेवा. गोकसंग पोलिसांप्रमाणे ‘मटेरियल: अळंबे’ लिहून शीट बंद करण्याचा मोह होईल; कॅन्टीनच्या भाजीत मशरूम असेल त्या दिवशी तरी करू नका.

एवढं करून ज्यांची हौस फिटली नसेल ते जांग जे-ह्युनचा ‘एक्झुमा’ (2024) लावतील. त्यात एका श्रीमंत घराण्यानं पूर्वजाची कबर उकरायला घेतली आहे. शमन आहेत, भूमी-परीक्षक आहे, आणि काढलेल्या शवपेटीच्या खाली आणखी एक, उभी पुरलेली. चाकण, राजगुरुनगर, तळेगाव भागात गुंठा-दोन गुंठे घेण्याच्या बेतात असलेल्यांनी तो व्यवहार पूर्ण होईपर्यंत टाळावा. बाकीच्यांची प्रतिक्रिया ठरलेली आहे. दुसरी पेटी दिसली की मागून कुणीतरी म्हणणारच: ‘सातबाऱ्यावर इतर हक्कात बघायला नको होतं का आधी?’