न दिसणारे तीन बाइट

मुद्रितशोधनात हयात गेलेल्या माणसाला चूक दिसली नाही, तर ती चूक नाहीच, असं माझं साधं तत्त्वज्ञान होतं. भाच्याच्या मॉडने, म्हणजे गेममध्ये त्याने घरी घातलेल्या भरीने, ते मोडीत काढलं.

‘युरोपा युनिव्हर्सॅलिस 4’ या गेममध्ये 11 नोव्हेंबर 1444 पासूनचं जग हाती येतं. दख्खनेत तेव्हा बहमनी. भाच्याला त्यात 1674 चा राज्याभिषेक घालायचा होता. साध्या टेक्स्ट फाइली लिहिल्या की काम होतं, आणि घातही तिथेच होतो. सोहळ्याची खिडकी उघडली. मथळ्यात ‘मराठा डॉट 1 डॉट टी’. महाराजांच्या जागी सातबाऱ्यावरचा गट क्रमांक!

“मामा, तुला चुका लगेच दिसतात ना?”

मी चष्मा पुसला. एक महिरपी कंस मिटायचा राहिला होता. असा कंस पुढचा सगळा मजकूर आपलाच समजून गिळतो, आणि एरर लॉग भलत्याच ओळीकडे बोट दाखवतो. मग अवतरणचिन्हं. मजकूर वर्डमध्ये लिहिलेला, त्याने ती छान वळवून दिलेली. सरळ चिन्हावर आम्ही समासात लाल खूण करतो. गेमला मात्र सरळच लागतात. जन्मभर जे खोडलं, ते स्वतःच्या हाताने टाइप केलं.

मथळा तरीही ढिम्म. दोषी फाइलीत नव्हताच, आणि नसणं हाच त्याचा गुन्हा. मजकुराच्या फाइलीला आरंभी तीन बाइट लागतात: ईएफ, बीबी, बीएफ. नाव बॉम. ना आकार, ना उच्चार. पण ते नसले तर गेम फाइल विचारातच घेत नाही. शेजारची इव्हेंटची फाइल जुन्या विंडोज-1252 वळणाची, तिला हे त्रिकूट नको. पूर्वी नोटपॅड यूटीएफ-8 मध्ये साठवताना ते आपणहून घालायचं. 2019 मधल्या विंडोजच्या सुधारणेनंतर न विचारता गाळायला लागलं. कुणीतरी सुधारणा केली आणि इकडे राज्याभिषेक अडला! (आपल्या ‘दऱ्या’तल्या अर्ध्या र-च्या पोटातही कधीकधी असाच एक अदृश्य जोडक असतो, मग डोळ्यांसमोरचा शब्द शोधूनही संगणकाला सापडत नाही.)

भाच्याने बॉमसकट फाइल साठवली. खिडकी उघडली. गेमच्या टाइपात देवनागरी नसल्याने रोमन मथळा, पण खरा: ‘राज्याभिष्क’.

“अरे, एक ‘ई’ खाल्लास. पहिल्याच वाचनात सांगितलं होतं.”

“त्यानं गेमला काही फरक पडत नाही, मामा.”