चार्जरमुक्त पृथ्वी

पृथ्वीची काळजी आपण आता सोडून द्यायला हरकत नाही. ती मोबाइल कंपन्यांनी घेतली आहे. कशी घेतली? नव्या फोनच्या खोक्यातून चार्जर काढून. पैसे मोजायचे, खोकं उघडायचं, फोन उचलायचा, खालचा पुठ्ठा उचलायचा, पुठ्ठ्याखाली बोट घालून चाचपायचं, शेवटी खोकं उलटं करून आपटायचं. केबल पडते. सिमची टाचणी पडते. मुंगीच्या अक्षरातलं चोपडं पडतं. चार्जर पडत नाही. घरातले म्हणतात, "अहो, नीट बघा." नीट बघितल्यावर खोक्याच्या कडेला छापलेलं हिरवं पान दिसतं.

ते पान म्हणजेच चार्जर.

दुकानातला मुलगा समजूत घालतो, "काका, आता बॉक्समध्ये येतच नाही. एन्व्हायर्न्मेंटसाठी." याच मुलाने नुकतंच आपल्या फोनला प्लॅस्टिकचं कव्हर चढवलेलं असतं, काच चिकटवताना सोललेले तिचे तीन-चार थर पायाशी टाकलेले असतात आणि सगळं मिळून चकचकीत पिशवीत भरलेलं असतं. बोलता बोलता तो मागे वळतो आणि फळीवरून चार्जर काढतो. "हा आहे ना. ओरिजिनल." म्हणजे चार्जरचा पर्यावरणाला जो काही उपद्रव आहे, तो फोनच्या खोक्यात असेपर्यंतच. तोच चार्जर स्वतःच्या खोक्यात, स्वतःच्या प्लॅस्टिकमध्ये, स्वतःच्या किमतीला आणि वर १८ टक्के जीएसटी लावून फळीवर बसला की निसर्गाला अगदी चालतो. ऑनलाइन मागवलात तर आणखी उत्तम. मग त्या खोक्याला बाहेरून मोठं खोकं, मध्ये फुग्यांचं प्लॅस्टिक, आणि एवढ्याशा ऐवजासाठी स्कूटरवरून येणारा स्वतंत्र माणूस.

यावर कंपन्यांचं म्हणणं असं की, घरोघरी जुने चार्जर पडून आहेतच. आहेत की! टीव्हीखालच्या खणात आहेत. पण नव्या केबलची दोन्ही टोकं टाइप-सी आणि खणातल्या चार्जरचं भोक जुन्या पद्धतीचं, रुंद. जुनी केबल शोधून काढलीत तर फोन चार्ज होतो, नाही असं नाही. पण जाहिरातीतले ४५ वॉट जाहिरातीतच राहतात आणि फोन दहा वॉटांवर रांगत बसतो.

ही कल्पना आमच्या कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याला अजून सुचलेली नाही, हे आपलं भाग्य. सुचली तर तो उद्यापासून नुसता वडा देईल. पाव? पाव पर्यावरणासाठी बंद केला, साहेब. तुमच्या घरी कालचा असेलच. घरचा पाव आणलात तर तो म्हणेल, हा जुन्या मापाचा आहे, यात नवा वडा बसत नाही. दाबून बसवलात तर बसेल, पण खायला अडीच तास लागतील. लवकर खायचा असेल तर आमचाच पाव घ्या, तो शेजारच्या गाडीवर आहे, गाडीही आमचीच आहे. आणि बाहेरचा पाव वापरल्यामुळे पोट बिघडलं तर वॉरंटी संपली. एवढं झाल्यावर वड्याची किंमत पावाएवढी कमी झाली असेल असं तुम्हाला वाटेल. ती वाढलेली असेल. आणि या वडापाववाल्याला आपण दुसऱ्याच दिवशी गाडीसकट उचलून पोलीस चौकीवर नेऊ. फोनवाल्यासाठी मात्र सेलच्या मध्यरात्री जागून बसतो.

बरं, पृथ्वीचा एवढा कळवळा आहे ना? मग बॅटरी का चिकटवली? पूर्वी नखाने मागचं झाकण उघडायचं, बॅटरी काढायची, नवी घालायची, की फोन आणखी दोन वर्षं चालायचा. फोन हातातून पडला तर झाकण, बॅटरी आणि फोन तीन दिशांना जायचे आणि गोळा करून जोडले की पुन्हा सुरू व्हायचे. आता बॅटरी गोंदाने डकवलेली, झाकण काचेचं, ते उघडायला गरम हवा लागते. सर्व्हिस सेंटरवाला खर्चाचा आकडा सांगतो आणि लगेच म्हणतो, "यापेक्षा नवाच घ्या ना." धडधाकट फोन भंगारात! एक चार्जर वाचवायचा आणि अख्खा फोन फेकायला लावायचा, याला पर्यावरण म्हणत असतील तर म्हणोत बापडे, आम्ही त्याला धंदा म्हणतो. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला. त्याचा पाव हिस्साही रीतसर पुनर्वापराला गेल्याची नोंद नाही. तो ढीग काय खणातल्या चार्जरांनी रचला?

युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना टाइप-सी सक्तीचं आहे, आणि चार्जर नको असेल तर त्याच्याशिवाय फोन घ्यायची सोय ठेवण्याचंही बंधन आहे. नको असेल तर. म्हणजे तिथल्या कायद्यात निदान गिऱ्हाइकाच्या मर्जीला जागा आहे. आपल्याकडे विचारत नाहीत, पान छापतात.

तेव्हा फोन घ्यायला गेलात तर मेगापिक्सेल मागाहून मोजा. आधी खोकं उलटं करा आणि आत काय काय आहे याची बारीक अक्षरातली यादी काउंटरवरच वाचा. चार्जर नसेल तर त्याची किंमत फोनच्या किमतीत मिळवून मगच दोन फोनांची तुलना करा. आणि एक्स्चेंजमध्ये जुना फोन देताना मुलगा हात पुढे करून "चार्जरपण द्या ना, काका" म्हणेल. देऊ नका.