खानदानी पामेरियनचे पालक

निवृत्तीनंतर गृहस्थाने ज्ञानेश्वरीचे पारायण करावे, वधूवरसूचक मंडळाचे दफ्तर सांभाळावे किंवा सोसायटीच्या जमाखर्चातील तफावत हुडकावी, असा पुण्याच्या पेठांचा जुना रिवाज असला, तरी पांढराशुभ्र पामेरियन बाळगून त्याच्या कुळाची थोरवी येणाऱ्याजाणाऱ्यास ऐकविणाऱ्या पेन्शनरांचा एक स्वतंत्र वर्ग तेथे केव्हाच कायम झाला आहे. या वर्गातील रावसाहेबांना स्वतःच्या खापरपणजोबांचे नाव श्राद्धाच्या दिवशी भटजींना विचारावे लागते. परंतु बाल्टिक समुद्रकाठच्या पोमेरेनिया प्रांतापासून निघालेली कुत्र्याची वंशावळ, १८८८ साली फ्लॉरेन्समध्ये मार्को नावाच्या पामेरियनवर लुब्ध झालेल्या आणि १९०१ साली अंतकाळीही आपला टुरी हा पामेरियन जवळ आणविणाऱ्या व्हिक्टोरिया राणीपर्यंत, ते एका दमात पोहोचवितात. त्यांच्या कुत्र्याचे नाव मार्को आहे, हे सांगणे नलगे.

मार्कोचा स्वभाव अव्वल कारकुनाचा आहे. आपला देह केवढा आणि आपला अधिकार केवढा, याचे प्रमाण त्याने कधी जुळवून पाहिलेले नाही. म्हणून पोस्टमन, कुकरची शिट्टी आणि रस्त्याने जाणारा उंट या तिघांचीही तो सारख्याच आवेशाने झडती घेतो. निष्ठेच्या बाबतीत मात्र तो व्यवहारी आहे. रावसाहेब त्याचे पालक असले, तरी ज्यांनी कुत्रा घरात येण्यास लेखी नव्हे पण पुष्कळ तोंडी हरकत घेतली होती, त्या वहिनीसाहेबांच्याच पायाशी तो पडून असतो. कारण दूधभाताची सनद त्यांच्याकडे आहे.

त्याच्या निगराणीविषयी रावसाहेबांचे हुकूम मात्र शहाणपणाचे आहेत, हे कबूल केले पाहिजे. वैशाखात केस भादरण्याचा सल्ला देणाऱ्या शेजाऱ्यास, ही दुहेरी लोकर थंडीप्रमाणे उन्हापासूनही त्वचेचे रक्षण करते, हे ते बजावतात. श्वासनलिका नाजूक म्हणून गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा बांधतात. आणि कांदेपोहे व सत्यनारायणाच्या प्रसादातले बेदाणे कुत्र्यास विषवत् असल्याने पूजेच्या दिवशी भाविकांच्या द्रोणांवर अशी जप्तीची नजर ठेवतात, की कित्येकांना प्रसाद घशाखाली उतरत नाही.

अडचण येते ती जनावरांच्या डॉक्टरांच्या काट्यावर. आजच्या प्रमाणाप्रमाणे अस्सल पामेरियन दीड ते साडेतीन किलोंत आटोपतो. आपल्याकडे त्या नावाने नांदणारे बहुसंख्य कुत्रे वस्तुतः इंडियन स्पिट्झ, म्हणजे जर्मन स्पिट्झच्या कुळातले, इंग्रजी अमदानीत येथल्या हवेत रुळलेले आणि माझ्या मते अधिक काटक व म्हणून अधिक समंजस प्राणी होत. मार्को नऊ किलो भरतो. डॉक्टरांनी एकदा भीतभीत हा मुद्दा उपस्थित केला, तेव्हा रावसाहेबांनी प्रथम काट्याच्या सचोटीवर आक्षेप घेतला, मग फाटकापर्यंतच्या चिखलाचे वजन वजा करून मागितले, आणि अखेरीस, खुद्द राणीच्या मार्कोचे वजन बारा होते, आमचा तर नऊच आहे, असा बिनतोड दाखला पुढे केला. ते बारा पौंड होते आणि हे नऊ किलो आहेत, हे डॉक्टरांना ठाऊक होते. परंतु बाहेर तीन मांजरे व एक बोकड खोळंबला असल्याने त्यांनी प्रकरण तहकूब केले आणि दाखल्यावर जातीच्या रकान्यात ‘पामेरियन’ असे लिहून शिक्का मारला.