तारीफ, टॅरिफ आणि नवी पेठ

सोलापुरात इंग्रजी शिकायचं असेल तर क्लासची फी भरू नये. वर्तमानपत्राचं अर्थविषयक पान उघडावं आणि नवी पेठेच्या बाजारातल्या गर्दीत उभं राहून वाचावं, असं माझं ठाम मत आहे. शाळेतलं इंग्रजी उलट्या बाजूनं येतं. आधी शब्द मिळतो, मग त्याचा अर्थ पाठ करायचा आणि तो अर्थ जिला लागू पडेल ती वस्तू आयुष्यात कधी भेटते याची वाट बघत बसायचं. 'डॅफोडिल' हा शब्द कितीतरी पिढ्यांनी असाच घोकला. सोलापूरच्या उन्हात ते फूल अजून उगवायचं आहे. दुकानदाराकडे अर्थ गल्ल्यात आधीच पडलेला असतो, त्यावर नावाची चिठ्ठी तेवढी लावायची राहिलेली असते. 'थ्रेशोल्ड' हा शब्द घ्या. शब्दकोश सांगतो, उंबरठा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांच्या जीएसटीचा उंबरठा हजारावरून अडीच हजारांवर गेला. नगाला २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्याच्या वर १८. म्हणजे २५०० च्या शर्टावर कर १२५ रुपये आणि २६०० च्या शर्टावर ४६८. किंमत शंभरानं वाढवली की कर ३४३ रुपयांनी वाढतो. उंबरठ्याला एवढी ठेच लागल्यावर शब्द विसरायची सोयच राहत नाही. इंग्रजीच्या कुठल्याही मास्तरांची छडी इतक्या जोरात बसत नसे.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून एकूण ५० टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा इथल्या टेरी टॉवेलवाल्यांना 'टॅरिफ' शिकवायला शिकवणी लावावी लागली नाही. गंमत अशी की हा शब्द आपल्या घरचाच निघतो. अरबीत 'तारीफ' म्हणजे ओळख करून देणं, जाहीर करणं. त्याची एक शाखा इटलीमार्गे इंग्रजीत गेली आणि जकातीचा तक्ता झाली. दुसरी फारसी-उर्दूतून आपल्याकडे आली आणि स्तुती झाली. तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षांनी आपली तारीफच केली, फक्त ती इंग्रजीतून केली, एवढंच. 'गोडाउन'चंही तेच. हा शब्द मलायी भाषेतून साहेबाकडे गेला आणि त्याचं मूळ तेलुगू-तमिळकडे असावं, असं कोशकार मानतात. म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकराच्या आजीच्या बोलीतला शब्द साहेबानं उचलला, इस्त्री केली आणि तिच्याच नातवाला स्पेलिंगसकट परत विकला.

काही कल्पना तर लंडनच्या वाचकापेक्षा सोलापूरकराला लवकर कळतात. 'लिक्विडिटी क्रंच' घ्या. बाहेरच्याला हे समजवायला बँका, ठेवी, रोखता असं बरंच काही सांगावं लागेल. ज्या शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं, तिथे द्रव पदार्थाची टंचाई म्हणजे काय हे पिंपांना विचारावं. 'निगेटिव्ह ग्रोथ' ऐकून पुण्यामुंबईचे शहाणे हसतात, की वाढ वजा कशी असेल? आम्ही हसत नाही. ११७ टीएमसीच्या उजनी धरणात सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा असतो आणि पाणी त्याखाली गेलं की 'उजनी वजा वीस', 'वजा तीस' अशा बातम्या येतात. धरणात शून्याहून कमी पाणी असतं आणि ते आपण पितोही, हे ज्याला पटलं त्याला अर्थशास्त्रातलं काहीही पटतं. 'सॉफ्ट लँडिंग'चं मात्र जरा अवघड आहे. महागाई अलगद खाली आणायची आणि रोजगार आपटू द्यायचा नाही, असा त्याचा अर्थ. पण विमान उतरावं म्हणून ज्या गावात २०२३ साली साखर कारखान्याची चिमणी पाडावी लागली आणि गोव्याचं विमान सुरू व्हायला जून २०२५ उजाडला, तिथे लँडिंग झालं हेच अप्रूप. ते सॉफ्ट की हार्ड हा पुढचा प्रश्न.

यावर कुणी म्हणेल, हे कसलं इंग्रजी? यात 'मार्केट्स रॅली' म्हणजे भाव चढले. आपल्याकडे रॅली म्हणजे झेंडे, डीजे आणि वाहतुकीचा खोळंबा. 'हेअरकट' झाला की बँकेचे कोटी बुडतात. कबूल. पण मराठीचा बाजार तरी कुठे सरळ बोलतो? भाव कडाडतात, गडगडतात, बाजार तापतो, नरमतो, शेअर आपटी खातो. मार्केट यार्डात कांद्याची आवक वाढली की भाव कोसळतो आणि कुणाला खरचटतसुद्धा नाही, शेतकरी सोडला तर. उलट या पानावर इंग्रजीची खरी खुबी कळते, ती म्हणजे थोडं मोठं करून दाखवणं. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर '५० बेसिस पॉइंटां'नी उतरवून साडेपाच टक्क्यांवर आणला. पन्नास म्हटल्यावर ऊर भरून येतो. हिशेब केला तर तो अर्धा टक्का. दारावर '४९९ फक्त'चा बोर्ड लावणाऱ्याला ही शैली समजावून सांगावी लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. या इंग्रजीत साधं पाणी मागता येत नाही. पण नवी पेठेत इंग्रजीतून पाणी मागतो कोण? मागितलं तर पैसे जास्त लागतील ही भीती. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्या पिढीला पाणी, पेन, परवानगी सगळं मागता येतं. कर्जाच्या कागदावरचं 'फोरक्लोजर चार्जेस' मात्र सही करून झाल्यावर कळतं. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीचं शेवटचं वाक्य भारतात सर्वांत वेगानं वाचलं जाणारं इंग्रजी असावं. 'हे काळजीपूर्वक वाचा' असं सांगणारं वाक्य कुणाला ऐकूही येऊ नये अशा बेतानं म्हटलं जातं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनं पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकवलं, पण या वेगाला तिच्याकडे धडा नाही.

मराठीचं काय होणार, ही काळजी मात्र मला वाटत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच टपरीवर चहा पितात त्या गावाला पाचवी भाषा म्हणजे एक कप जास्त. शिवाय आमची शिकवणी जुनी आहे. १८७७ च्या सुमारास पहिली कापडगिरणी निघाली आणि शिफ्ट, जॉबर, बोनस, ओव्हरटाइम हे शब्द चाळीचाळीत मराठी होऊन बसले. मग गिरण्या एकेक करून बंद पडल्या. त्यांनी शिकवलेले शेवटचे शब्द 'लॉकआउट' आणि 'लिक्विडेशन'. तेही सगळ्यांना नीट पाठ झाले.

एका वाक्यापुढे मात्र माझं मत अजून अडतं. 'मार्केट क्लोज्ड हायर', बाजार चढा बंद झाला, असं त्या पानावर दर दोन-चार दिवसांनी छापून येतं. आपल्याकडे बाजार उठला म्हणजे संपला. तो उठला की गिऱ्हाईक घरी जातं, पुतळ्यांवर चादरी पडतात आणि नवी पेठेत या टोकापासून त्या टोकापर्यंत शटरं खडखडत खाली येतात.