माईंची सव्वीस जुलै

अहो, ऐकलंत का? या जरा भिंतीजवळ, वरच्या गॅलरीत सगळं ऐकू जातं. परवा माईंच्या हळदीकुंकवातून तुम्ही लवकर निघालात ना, खरी गंमत नंतर झाली!

कुणीतरी नव्या विमानतळाचं काढलं, मग पाण्याचा निचरा, मग पाऊस, आणि गाडी आली सव्वीस जुलैवर. माईंना तेवढंच हवं होतं. तुम्हाला पाठच असेल आता. २००५ साल, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, लोकल ठप्प, फोन ठप्प, आणि आपल्या नेरूळच्या बिल्डिंगमध्ये मेणबत्तीच्या उजेडात सगळ्यांनी मिळून केलेली खिचडी. "काय मजा आली होती हो! स्टेशनवर अडकलेल्या दोन मुली घरी आणून ठेवल्या. आणि आमचे हे, कुर्ल्याहून रात्रभर चालत आले, वाशीचा पूल ओलांडून!"

तेवढ्यात लेक... पुण्याची हो, माहेरपणाला आलीय. हातातला तिळगूळ हातातच. "मजा? आई, तू देवापुढे बसून रडत होतीस. मी बारावीला होते, मला सगळं लख्ख आठवतंय."

"मी? छे गं," माई हसल्या. पण हसू अर्धंच.

लेक कसली सोडतेय! "नीट आठव. वीज कधी गेली? खिचडी कुणाकडे शिजली? फोन कुणाचा लागत होता?" उलटतपासणीच. माई बिचाऱ्या कपाळाला आठ्या घालून आठवायला लागल्या, आणि बाहेर काय आलं? भिजलेले गहू, गळकी भिंत, आणि "तेव्हा जाऊबाईंनी..." एवढं म्हणून गप्प! सगळ्या बायकांच्या वाट्या हवेत.

आणि त्या शांततेत पेपरमागून आप्पा म्हणतात कसे, "मी मानखुर्दपासून भाजीच्या ट्रकनं आलो."

"बाबा! मी गॅलरीतून पाहिलं तुम्हाला चालत येताना!"

"फाट्यावर उतरलो. तेवढंच चाललो."

अहो, वीस वर्षं आपण त्या माणसाला पायी चालवतोय! लेकीचा चेहरा असा पडला म्हणता... माई राहिल्या बाजूला, हिचं 'लख्ख'च फुसकं निघालं.

आमची धाकटी मानसशास्त्र शिकते ना, ती घरी येऊन म्हणाली, यात नवल ते काय? ते चॅलेंजर यान नाही का फुटलं १९८६ ला? नायसर म्हणून प्राध्यापक, त्यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कुठे ऐकलीत, कुणाकडून. दोन-अडीच वर्षांनी परत विचारलं तर बऱ्याच जणांनी भलतंच सांगितलं, तेही छातीठोक! स्वतःच्या हातचा कागद दाखवला तरी आधीचं काही आठवेना. मन हललं की खात्री वाढते, खरेपणा वाढेलच असं नाही. म्हणजे तरुण आहे म्हणून लेकीनं तोरा मिरवायला नको.

तर काय सांगत होते... हां, माई. त्या स्टॅनफर्डच्या कारस्टेन्सनबाई आहेत ना, त्यांचं मत असं की पुढे दिवस थोडे उरलेत हे मनानं घेतलं की माणूस मनाला बरं वाटेल ते जवळ धरतं. २००३ ला त्यांनी नि त्यांच्या जोडीदारणींनी लहानमोठ्या वयाच्या लोकांना चित्रं दाखवली, काही गोड, काही भयंकर, काही साधी. वय वाढेल तशी भयंकर चित्रांची आठवण गोड चित्रांच्या मानानं मागे पडत गेली. मला विचाराल तर ही काही विसराळूपणाची लक्षणं नव्हेत, शहाणपण आहे. माईंना सासुरवासाचं विचारून बघा, आंब्याच्या अढीपासूनच सुरुवात करतील.

आणि त्याच बाईंच्या दुसऱ्या अभ्यासातल्या तीनशे ननचं तर विचारूच नका! १९८७ ला त्यांनी स्वतःबद्दल लिहून दिलेलं, २००१ ला विचारलं, तेव्हा काय लिहिलं होतंत? सगळ्यात वयस्कर होत्या त्यांनी जुने दिवस होते त्यापेक्षा बरे करून सांगितले, धाकट्यांनी वाईट करून. पण खरी गोम पुढेच. ज्या म्हाताऱ्यांना बजावलं होतं की अगदी अचूक आठवा हं, त्यांचंही पारडं वाइटाकडे झुकलं! आलं ना लक्षात? लेकीनं "नीट आठव, नीट आठव" केलं, आणि जाऊबाई वर आल्या. माझं स्पष्ट मत आहे, त्या पोरीनं उगाच खपली काढली.

आमची धाकटी तरी कुठे वेगळी? २ नोव्हेंबर २०२५ ची महिला क्रिकेट विश्वचषकाची फायनल, आपल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरची, सगळ्यांनी सोसायटीच्या टीव्हीवर पाहिली. हिला विचारा, पावसानं उशीर, वूल्फार्टचं शतक आणि अमनजोतच्या हातात नाचलेला तो झेल, काळीज कसं तोंडाशी आलं होतं, हेच आधी. शेफालीच्या ८७ धावा आणि दीप्तीच्या पाच विकेट नंतर. माईंना विचारा, हरमननं शेवटचा झेल घेतला नि आप्पा खुर्चीवरून उठून नाचले. मध्ये काही घडलंच नाही जणू!

आता हे मात्र तुमच्या-माझ्यात हं. धाकटी म्हणाली, तो गोडवा आपोआप येत नाही, लक्ष त्यात घालावं लागतं. २००५ च्या एका प्रयोगात म्हाताऱ्यांना दुसऱ्या कामात गुंतवलं तर गोड आठवणींकडचा तो कलच गेला. मी म्हटलं, असं होय? काल मटार घेतला पाच किलो नि गेले माईंकडे सोलायला. टीव्हीवर मालिका चालू, दोन्ही हात शेंगांत, मी अगदी सहज विचारलं, "माई, त्या रात्री जाऊबाईंचं काय झालं हो?"

आणि माई मान वर न करता सांगू लागल्या. अहो, सव्वीस जुलैच्या रात्री, घरात मेणबत्त्यांचा अख्खा पुडा असताना, दार उघडून जाऊबाई म्हणाल्या, "आमच्याकडे एकच आहे." एवढंच नाही, पलंगाखाली... थांबा, थांबा, त्याच येताहेत पिशवी घेऊन. या या जाऊबाई, तुमचीच आठवण काढत होतो!