घशातली खाण

आमचं चंद्रपूर वसलं तेच एका दुखण्यामुळे. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याच्या अंगभर गाठी होत्या. एकदा तो शिकारीला निघाला. तहान लागली म्हणून झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खड्ड्यातलं पाणी प्यायला, हातपाय धुतले आणि त्या रात्री कधी नव्हे तो गाढ झोपला. सकाळी राणी पाहते तर गाठी गायब. मग तिथे अचलेश्वराचं देऊळ झालं, राजधानी हलली, परकोट उभा राहिला. दंतकथा आहे, खरीखोटी राजा जाणे. पण तेव्हापासून आमच्या मुलखात एक गोष्ट पक्की झाली आहे. कुणाला काही झालं की समोरचा माणूस औषध सांगितल्याशिवाय पुढे सरकत नाही.

मला घसा आहे. तो सगळ्यांनाच असतो, पण इतरांना त्याची आठवण गाताना किंवा गिळताना होते, मला चोवीस तास होते. जन्म चंद्रपूरचा, नोकरी आरमोरीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत. म्हणजे लहानपणी औष्णिक केंद्राची राख आणि कोळशाची धूळ खाल्ली, मोठेपणी खडूची. मधल्या काळात ४६-४७ अंशांच्या उन्हात रसवंतीवरचा बर्फ. घशाने तक्रार केली तर त्याला दोष कसा द्यायचा?

तक्रारीचं स्वरूप ठरलेलं. आधी डाव्या बाजूला टोचल्यासारखं होई. मग गिळताना दुखे. मग कान दुखायला लागे, तोही डावाच. मी कानात कोमट तेल घालून पाहिलं. त्याने घसा बरा झाला नाही, फक्त शाळेत मुलं काय बोलतात ते आठवडाभर नीट ऐकू आलं नाही, आणि तो आठवडा माझ्या सेवाकाळातला सर्वांत शांत गेला.

औषधं सुचवणारे रांगेत उभे होतेच. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, अडुळसा झाला. जंगल दाराशी असल्याने शहरातल्या लोकांना पुडीत मिळतं ते आम्हाला झाडासकट मिळतं. शाळेतल्या शिपाईमामांनी बेहड्याची साल आणून दिली. "हे गालात धरून ठेवा जी, चावू नका, चोखा." बेहडा इतका तुरट, की तोंड आपोआप मिटतं. मी वर्गात बेहडा धरून शिकवू लागलो आणि भूगोलाचा तास खाणाखुणांवर भागवू लागलो. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणाऱ्या एका मित्राने वेगळाच मार्ग सुचवला. "चुना असते ना त्यात, जंतू मरते." तिसऱ्याने मोहाची, पहिल्या धारेची सांगितली. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी हे औषध कोणत्या गावात, कुणाच्या घरामागे आणि किती वाजता मिळतं हे सल्लागाराला तोंडपाठ होतं. मी घेतली नाही. सल्लागाराचा यावर अजून विश्वास नाही.

या सगळ्यांत एकानेही "तोंड उघडा, बघू" असं म्हटलं नाही. पुढे कळलं की त्यालाही कारण होतं. घरात बोलताना बायको थोडी तिरकी उभी राहते, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी ते लाजणं समजत होतो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे जरा जास्त होतं, पण माणूस स्वतःबद्दल चांगलंच समजून घेतो. स्टाफरूममध्ये मला सारखी वेलची कोणी ना कोणी देत असे. मी म्हणायचो, काय प्रेमळ सहकारी आहेत.

बिंग फुटलं ते झाडीपट्टीच्या मंचावर.

आमच्याकडे, या झाडीपट्टीत, दिवाळी झाली की मंडई (म्हणजे जत्रा) भरते, शंकरपट (बैलांच्या शर्यती) लागतात आणि नाटकं सुरू होतात ती थेट होळीपर्यंत. वडशाला, म्हणजे कागदोपत्री देसाईगंजला, नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. तिथून गावोगावची मंडळं प्रयोग ठरवतात. रात्री दहाला पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत चालतो. नाटकाआधी सत्कार असतात. सत्कारांना निवेदक लागतो, आणि निवेदक म्हणून मास्तर फुकट मिळतो. ही जागा मी बरीच वर्षं अडवून बसलो आहे. नट नाटकात पोटापाण्यासाठी असतात, मी हौसेसाठी असतो. हजारभर माणसांसमोर "मान्यवरांना विनंती करतो की" म्हणताना छाती जी फुगते, ती पगाराच्या दिवशीही फुगत नाही.

त्या रात्री थंडी चांगली पडली होती. घसा सकाळपासून टोचत होता. मंचासमोर ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅडवाले बसलेले. मी मान्यवरांची नावं वाचत होतो. गावात कुणाचंही नाव सुटलं तर पुढच्या वर्षीची वर्गणी सुटते, त्यामुळे यादी लांब होती. सरपंच, उपसरपंच, पोलीस पाटील, तंटामुक्ती अध्यक्ष, माजी तंटामुक्ती अध्यक्ष (या दोघांत तंटा होता) असा मी माजी उपसरपंचांपर्यंत पोचलो आणि घशात खवखवलं. खाकरलो. माइक तोंडाशीच होता, त्यामुळे ते खाकरणं चार कर्ण्यांतून शेतापर्यंत गेलं. आणि तोंडातून काहीतरी उडालं ते ऑर्गनच्या काळ्या पट्टीवर जाऊन बसलं. पांढरट, पिवळसर, तांदळाच्या कणीएवढं.

ऑर्गनवाल्याने ते बोटावर घेतलं, दिव्याच्या उजेडात धरलं आणि समोरच्या माइकमध्ये आपुलकीने विचारलं, "सर, दात पडला का जी तुमचा?"

त्या वर्षी झाडीपट्टीत मी पाहिलेल्या कोणत्याही विनोदी नटाला तसा हशा मिळाला नाही. लोक शांत होतायत तोच त्याने ती कणी बोटांत चिरडली, हात नाकाशी नेला आणि ऑर्गन सोडून विंगेकडे पळाला. नांदी पाच मिनिटं उशिरा झाली. माजी उपसरपंचांचं नाव राहिलंच.

दात नव्हता हे मी तिथल्या तिथे जिभेने मोजून पाहिलं. मग हे काय? घरी येऊन मोबाइलचा टॉर्च तोंडात रोखला आणि आरशासमोर आ वासला. घशाच्या डाव्या बाजूला, मांसल उंचवट्याच्या एका भोकात, तसाच दुसरा कण बसलेला दिसला. भाड्याच्या घरात मालक राहावा तसा निवांत. मी त्याला काढायला आधी कापसाची कानकाडी घेतली. काडी टेकताच पोटातून जी उबळ आली तिच्यात टॉर्च, मोबाइल आणि बेसिन यांचा एकत्र कार्यक्रम झाला. कानकाडीने जमेना म्हणून मी उदबत्तीची काडी उचलली, तेव्हा बायको दारात येऊन उभी राहिली. "देवाची आहे ती," एवढंच म्हणाली. काडी ठेवली. दोन दिवस थुंकीत रक्ताचा तंतू दिसत राहिला आणि मनात सगळे रोग येऊन गेले, अगदी ज्यांची नावं मला नीट उच्चारता येत नाहीत तेही.

म्हणून चंद्रपूर गाठलं. आरमोरीहून गडचिरोली, तिथून वैनगंगेचा पूल ओलांडून व्याहाड, सावली, मूल. मूलनंतरच्या जंगलात एसटीतले सगळे खिडकीतून वाघ शोधत होते. शेजारचा प्रवासी मात्र माझ्याकडे पाठ करून दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून शोधत होता.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं, कपाळावरचा दिवा लावला, जीभ चपट्या पट्टीने दाबली आणि पाच सेकंदांत "टॉन्सिल स्टोन" म्हणाले. इतक्या वर्षांचं दुखणं पाच सेकंदांत आटपलं याचा मला थोडा अपमानच वाटला. मी विचारलं, "मुतखड्यासारखं?" ते म्हणाले, मुतखडा मूत्रातल्या क्षारांचा, तो वेगळा. टॉन्सिलचा पृष्ठभाग सपाट नसतो, त्याला खोल खोल भोकं असतात. त्यांत अन्नाचे कण, मेलेल्या पेशी आणि जंतू साचतात आणि त्यावर कॅल्शियमचे क्षार बसून कण घट्ट होतो. आत हवा पोचत नाही, त्यामुळे तिथले जंतू गंधकाचे वायू सोडतात, त्यांत सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही आला. कान दुखायचं कारण असं, की टॉन्सिल आणि कान यांची दुखण्याची बातमी मेंदूला एकाच मज्जातंतूवरून जाते आणि मेंदू पत्ता चुकतो. मी कानात ओतलेलं तेल डोळ्यांसमोरून वाहून गेलं.

ऐकता ऐकता मला आमच्या मुलखाचाच नकाशा दिसू लागला. वणी-बल्लारपूर पट्ट्यात कोळसा, गडचांदूरकडे चुनखडी आणि तिच्यावर उभे सिमेंटचे कारखाने, सुरजागडला लोखंड, सिरोंच्याजवळ वडधमला तर डायनासोरचे जीवाश्म. जिथे खणावं तिथे काहीतरी निघतं, आणि त्या मातीचा माणूस कोरा कसा राहणार? डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "४२ ग्रॅमच्या खड्याचीही नोंद आहे, तुमचा काही ग्रॅमात मोजण्यासारखा नाही." माझी खाण किरकोळ निघाली. वाग्भटाने टॉन्सिलच्या सुजेला कपाशीच्या बोंडाची उपमा दिली आहे हे मला ठाऊक होतं, तेही मी ऐकवलं, म्हणजे निदान रुग्ण वाचलेला आहे हे त्यांना कळावं. त्यांनी पुन्हा जीभ दाबली. वाचलेल्या माणसालाही तेव्हा गप्प बसावं लागतं.

मग ऑपरेशनचा विषय निघाला. टॉन्सिल काढायची तर घसा वारंवार आणि जोरात दुखला पाहिजे, त्याचाही हिशेब असतो म्हणे. एका वर्षात सात वेळा, किंवा दोन वर्षं दरवर्षी पाच, किंवा तीन वर्षं दरवर्षी तीन. "तुम्हाला वर्षातून किती वेळा होतं?" त्यांनी विचारलं. मी बोटं मोजू लागलो. सोबत आलेली बायको म्हणाली, "एकदाच सुरू झालं डॉक्टर. बंद कधी झालं ते विचारा."

ऑपरेशन टळलं. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, जीभ घासणं, जेवल्यावर चूळ भरणं, भरपूर पाणी आणि तोंडात काडी घालायची नाही, एवढीच चिठ्ठी. कागदावर एकही अवघड नाव नव्हतं. इतक्या लांबून आलो आणि मीठ मिळालं, हे गावात कसं सांगायचं या चिंतेत मी परत निघालो.

पण गुळण्यांनी फरक पडला. खडे पूर्ण थांबले नाहीत, कधीमधी एखादा येतो, पण टोचणं कमी झालं आणि बायको समोरासमोर उभी राहून भांडू लागली. पहाटे पाचला मी अंगणात गुळण्या करतो. आवाज मोठा असतो, निवेदकाचा घसा आहे. त्याला वैतागून की औषधाच्या आशेने कोण जाणे, एक दिवस तो खर्रावाला मित्र कुंपणापाशी आला. "मास्तर, माह्याही घसा दुखून राह्यला, पाहून द्या ना."

मी टॉर्च लावला. म्हटलं, आ कर. त्याने केला. दोन बोटंही आत जाईनात एवढाच उघडला. आत सगळं पांढरट, ताठ, चट्ट्यांचं. टॉन्सिलपर्यंत नजर पोचलीच नाही. सुपारीने तोंड असं आखडतं आणि पुढे त्याचा कर्करोगही होऊ शकतो, हे मी त्याच डॉक्टरांच्या भिंतीवरच्या तक्त्यावर वाचलं होतं. माझा विनोद तिथेच बंद पडला. म्हटलं, "हे माझ्या गुळण्यांचं काम नाही. उद्याच्या गाडीने चंद्रपूर. मी येतो सोबत."

"जातो ना जी," तो म्हणाला. "पन आधी तुमचा तो बेहडा देऊन पाहा."

मी नाही म्हटलं. त्याने कुंपणावरून हात घालून ओट्यावरची डबी उचलली, दोन साली काढून खिशात टाकल्या आणि खर्ऱ्याची पन्नी चोळत घराकडे निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन तिकिटांचे पैसे घेऊन एसटी थांब्यावर उभा होतो. तो आला, पण उशिरा आला, आणि येताना वाटेत भेटलेल्या दोघांनी सांगितलेली तीन औषधं सोबत घेऊन आला.