पोटात ठेवू नये

मालवणी माणसाला रक्तदाब होतो, मधुमेह होतो, पण मनातली गोष्ट पोटात दडवून ठेवण्याचा विकार सहसा होत नाही. जे असेल ते जागच्या जागी बाहेर. रापणीला मासळी लागली नाही तर तो समुद्राला ऐकवतो, एसटी उशिरा आली तर कंडक्टरला, आणि दोघंही हाताशी नसतील तर शेजाऱ्याला. देवाकडेसुद्धा तो गुपचूप काही मागत नाही. चारचौघांत उभं राहून खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालतो आणि भोवतालची मंडळी दर वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणून शिक्का मारतात. अशा जिल्ह्यात राहून माझ्या गाडीला मात्र आतल्या आत कुढायची सवय कुठून लागली, कोण जाणे.

गाडी छोटी, टर्बो-डिझेल, आणि वयाने मला शोभेल अशी. मालवणच्या बाजारात ती शहाण्यासारखी वागायची. वैभववाडी सोडून करूळ घाटाला लागली की मागून निळसर धूर सोडायची. अंगणात उभी असली की खाली तेलाचे ठिपके. कधी बॉनेट उघडावं तर तेलाची डीपस्टिक भोकातून वर आलेली.

सल्ला मागायला मालवणात कुठे जावं लागत नाही, बॉनेट उघडं ठेवलं की पुरे. पहिले काका म्हणाले, ऑइल सील गेलं. दुसऱ्यांनी ऑइलची कंपनी बदलायला सांगितली. तिसऱ्यांनी खोल आवाजात विचारलं, "गाडी घेतलंस तेवा नारळ दिलो हुतो मां?" घाटावरच्या एका वर्कशॉपने तर धूर पाहताच 'टर्बो बदला' असा निकाल दिला आणि त्याचा आकडा कागदावर लिहून दिला. तोंडाने सांगायला त्यालाही जड गेलं असावं.

शेवटी मिस्त्री आला. हा बंदरावरच्या ट्रॉलरांची इंजिनं खोलत म्हातारा झालेला माणूस, गाडी म्हणजे त्याच्या दृष्टीने पाण्यात न जाणारी होडी. त्याने इंजिन चालू ठेवून तेल ओतायच्या तोंडाचं झाकण सैल केलं आणि जागेवर नुसतं टेकवून ठेवलं. थोडं थरथरलं असतं तर तो गप्प बसला असता. झाकण उडायलाच लागलं.

"टर्बो बरो आसा," तो म्हणाला. "हेच्या पोटात वारो भरलो हा. तेल खंयसून गळता ता मागीर बघूया. आधी वारो खंय अडकलो ता बघ."

हा वारा येतो कुठून? पिस्टनला साधारण तीन रिंगा असतात. वरचा स्फोटाचा दाब वरच रोखायचा, हे त्यांचं मुख्य काम. पण रिंगेच्या दोन टोकांत फट ठेवावीच लागते, आणि तिथून थोडा जळका वायू खाली निसटतोच. शोरूममधून काल आलेल्या इंजिनातही निसटतो. याला ब्लो-बाय म्हणतात. टर्बो असला की हवा कोंबून भरली जाते, सिलिंडरातला दाब वाढतो आणि निसटणारा वायूही वाढतो. तो साठतो क्रँककेसमध्ये, म्हणजे जिथे क्रँक फिरतो आणि तळाशी तेल असतं त्या खालच्या मजल्यावर. तिथून बाहेर पडायला ब्रीदरचा पाईप दिलेला असतो. वाटेत एक डबी वायूतलं तेल वेगळं करून खाली पाठवते आणि उरलेला वायू टर्बोच्या अलीकडे हवेच्या पाईपात जातो, पुन्हा जळायला.

ही वाट काजळीने आणि चिकट तेलाने बुजली की वायू दुसरी वाट शोधतो. ऑइल सील ढकलतो, डीपस्टिक उचलतो. पण खरी गंमत टर्बोपाशी होते. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो. त्याच्या बेअरिंगला तेल पंपाच्या जोरावर पोचतं, परत मात्र ते निव्वळ उतारावरून, आपल्या वजनाने खाली येतं. खाली वायूचा दाब असेल तर हे तेल उतरणार कसं? ते टर्बोतच तुंबतं आणि दांड्याच्या दोन्ही टोकांनी बाहेर पडतं. एकीकडे इंटरकूलरमध्ये तेल, दुसरीकडे सायलेन्सरातून निळा धूर. म्हणून नवा टर्बो बसवला तरी काही दिवसांनी तोही तेल ओकतो. मग गिऱ्हाईक मेकॅनिकला शिव्या देतं, मेकॅनिक टर्बोवाल्याला, आणि टर्बोवाला तेलाच्या कंपनीला. तिघांचाही दाब उतरतो. इंजिनाचा तेवढाच राहतो.

मिस्त्रीने खात्री करायला गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी मागवली, ती यू आकारात धरली आणि तिचं एक टोक डीपस्टिकच्या भोकावर घट्ट बसवलं. टर्बो हवेला एक बार दाब देतो असं धरलं, तर तो पाणी सुमारे दहा मीटर उचलेल, म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाच्याही थोडं वर. क्रँककेसने मात्र काही सेंटीमीटरांपलीकडे जायचं नसतं. आमचं पाणी नळीतून उसळून मिस्त्रीच्या लेंग्यावर गेलं, आणि आकडा वाचायची गरजच उरली नाही.

ब्रीदरचा पाईप आतून बोटभर होता, तो काडीभर राहिला होता. डबीतला रबरी पडदा कडक होऊन चिकटला होता. पाईप नवा, पडदा नवा, खर्च पापलेटच्या जोडीपेक्षा कमी. टर्बोला कुणी हातही लावला नाही, आणि धूर थांबला.

किनाऱ्यावरच्या गाड्यांना आणखी एक दुखणं असतं. घर ते बाजार, बाजार ते घर, एवढ्यात इंजिन नीट तापतच नाही. ब्लो-बायमधली वाफ आत थिजते, तेलात मिसळते आणि झाकणाखाली पांढरट मलई जमते. पावसाळ्यात ती पाहून शेजारी 'हेड गॅस्केट गेलं' म्हणून दुखवट्याच्या सुरात बोलतात. कूलंट कमी होत नसेल तर दुखवटा पाळू नये. गाडी लांबवर नेऊन चांगली तापवावी. इंजिनाच्या प्रकृतीसाठी आंबोलीला जाणं भाग आहे, असं मी घरी सांगून पाहिलं. "मग इंजिनाकच जाऊं दे," असं उत्तर आलं.

एके काळी हा प्रश्न फार सोपा होता. जुन्या इंजिनांना खाली उघडी नळी असे आणि सगळा वायू रस्त्यावर जाई. लॉस एंजेलिसच्या आकाशात धुरकं दाटलं, आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने त्यातला मोटारींचा वाटा दाखवून दिला, आणि 1961च्या सुमारास कॅलिफोर्नियात विकायच्या गाड्यांतला हा वायू परत इंजिनात वळवला जाऊ लागला. आपलं बाहेर न टाकता आपणच जाळायचं, ही शिस्त गाड्यांना तेव्हा लागली. आम्ही मालवणी अजून 1961 आधीचं मॉडेल आहोत.

पण माणसाला शोभतं ते गाडीला शोभत नाही. काही हौशी पोरं ब्रीदरचा पाईप काढून खाली लोंबता सोडतात. दाब उतरतो खरा, पण रस्त्यावर तेल, गाडीत वास, आणि धुराच्या नियमांत हे बसत नाही. वाटेत तेल पकडणारा डबा बसवला तर तो वेळोवेळी रिकामा करावा लागतो. टर्बो-पेट्रोल गाडीत ब्रीदरच्या वाटेवर एकदिशा झडप असते. ती उघडी अडकली की टर्बोचा दाब थेट क्रँककेसमध्ये शिरतो. आणि डिझेलने हवेच्या वाटेने स्वतःचंच तेल पिऊन धावायला सुरुवात केली, तर चावी काढूनही ते थांबत नाही. म्हणून हे दुखणं अंगावर काढू नये.

तेव्हा निळा धूर दिसला की आधी ब्रीदर तपासा. मग तेल खुणेच्या वर भरलेलं नाही ना, ते पाहा. मग एअर फिल्टर, मग कॉम्प्रेशन. दाब तरीही उतरला नाही तर रिंगा झिजल्या आहेत, आणि इंजिनकामाला पर्याय नाही. टर्बो सर्वांत शेवटी. या क्रमाने गेलं की मिस्त्रीचं बिल लहान होतं, म्हणून तो आपणहून सांगणारे मिस्त्री थोडे. असा एखादा भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा आणि त्याच्याशी घासाघीस करू नका.